६५० रुपयांत ६५ हजारांचं तिकीट? पोकरच्या 'सॅटेलाइट' स्पर्धेमागचं गणित

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत वसलेलं गाव. देवबागची ओळख विचारली तर बहुतेक जण संगम, त्सुनामी आयलंड, डॉल्फिन आणि स्कूबा डायव्हिंग हेच सांगतील. पोकरचं नाव कुणी घेणार नाही.

पण मालवण, कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं करत पत्रादेवीची हद्द ओलांडली की गोवा सुरू होतो. देवबागहून गाडीने साधारण तीन तासांत पणजी येते आणि तिथे मांडवी नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात. भारतातल्या अनेक मोठ्या पोकर स्पर्धा याच जहाजांवर होतात. त्यांची एंट्री फी हजारोंत, कधी लाखातही असते. मोबाईलवर येणारी जाहिरात मात्र वेगळंच सांगते: 'फक्त काही शे रुपयांत खेळा आणि मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंका.'

हे खरंच शक्य आहे का? हो, शक्य आहे. या प्रकाराला पोकरमध्ये 'सॅटेलाइट' म्हणतात आणि जगभर तो गेली काही दशकं चालतो. पण एकाला स्वस्तात तिकीट मिळतं तेव्हा त्याचे पैसे कोण भरतं, आणि मधल्या मधे किती पैसे गळतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. तेच आज समजून घेऊया.

पत्ते जुने, खेळ नवा

कोकणाला पत्ते नवीन नाहीत. गणपतीतल्या जागरणात रमी, मेंढीकोट, तीन पत्तीचे डाव रात्रभर रंगतात. याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या सावंतवाडीत हाताने रंगवलेल्या गोल गंजिफांची परंपरा आजही जपली जाते.

पोकर मात्र बाहेरून आला. आज स्पर्धांमध्ये सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे 'टेक्सास होल्डेम'. ज्याला तीन पत्ती येते, त्याला तो चटकन समजतो.

प्रत्येक खेळाडूला दोन बंद पत्ते मिळतात. टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पत्ते उघडले जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. या सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर चिप्स लावायच्या, वाढवायच्या किंवा पत्ते टाकून बाहेर पडायचं. समोरच्या सगळ्यांनी पत्ते टाकले तर हातात काही नसतानाही डाव जिंकता येतो. तीन पत्तीतला 'ब्लफ' तो हाच.

स्पर्धेतला पोकर आणि पैसे लावून खेळायचा पोकर यात एक मोठा फरक आहे. स्पर्धेत एकदाच फी भरायची आणि सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. या चिप्सना बाजारात शून्य किंमत. मधेच उठून त्या मोडून पैसे घेता येत नाहीत. चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर. शिवाय दर काही मिनिटांनी सक्तीने लावायची रक्कम, म्हणजे 'ब्लाइंड', वाढत जाते. त्यामुळे नुसतं गप्प बसून राहिलं तरी चिप्स झिजत जातात. शेवटपर्यंत टिकणाऱ्या मोजक्या लोकांत बक्षीस वाटलं जातं. साधारण शंभरात दहा ते पंधरा जणांना काही ना काही मिळतं, बाकीचे रिकाम्या हाताने परततात.

मग सॅटेलाइट म्हणजे काय?

नेहमीच्या स्पर्धेत बक्षीस पैशांत मिळतं. सॅटेलाइटमध्ये बक्षीस म्हणून मिळतं पुढच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट.

सोपं उदाहरण घेऊ. दहा मित्रांना एका महागड्या कार्यक्रमाला जायचंय, पण तिकीट कुणालाच परवडत नाही. दहाही जण तिकिटाच्या किमतीचा दहावा हिस्सा काढतात, पत्ते खेळतात आणि जो जिंकेल तो कार्यक्रमाला जातो. उरलेले नऊ घरी. हीच झाली सॅटेलाइट.

यात एक गोष्ट लगेच लक्षात येते. तिकीट स्वस्त झालेलं नाही. त्याची पूर्ण किंमत भरली गेलीच आहे. फक्त ती दहा खिशांतून गेली आणि तिकीट एका खिशात आलं.

प्रत्यक्षात मित्रांच्या डावात नसलेली आणखी एक गोष्ट यात येते: आयोजकाची फी आणि सरकारचा कर.

शिडीचं गणित

पोकर स्पर्धेच्या एंट्रीला 'बाय-इन' म्हणतात. त्याचे तीन भाग पडतात. पहिला भाग बक्षिसांच्या रकमेत, म्हणजे 'प्राइज पूल'मध्ये जातो. दुसरा आयोजकाकडे. तिसरा जीएसटीकडे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत खेळण्यासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

आता एक काल्पनिक शिडी मांडू. आकडे सोपे पडावेत म्हणून असं धरू की प्राइज पूलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांमागे खेळाडूला फी आणि कर मिळून १३० रुपये भरावे लागतात. खरी टक्केवारी प्रत्येक स्पर्धेत वेगळी असते, पण गणिताची पद्धत हीच.

सर्वांत वरची पायरी, मुख्य स्पर्धा: एंट्री ६५,००० रुपये. त्यातले ५०,००० प्राइज पूलमध्ये.

मधली पायरी, मेगा सॅटेलाइट: एंट्री ६,५०० रुपये. त्यातले ५,००० प्राइज पूलमध्ये. मुख्य स्पर्धेचं ६५,००० चं एक तिकीट तयार व्हायला इथे १३ एंट्री लागतात.

खालची पायरी, फीडर: एंट्री ६५० रुपये. त्यातले ५०० प्राइज पूलमध्ये. मेगा सॅटेलाइटचं ६,५०० चं एक तिकीट तयार व्हायला इथेही १३ एंट्री लागतात.

म्हणजे तळापासून मोजलं तर मुख्य स्पर्धेच्या एका तिकिटासाठी १३ गुणिले १३, म्हणजे १६९ एंट्री हव्यात. त्या १६९ एंट्रींचे मिळून जमा होतात १,०९,८५० रुपये. त्यातून एकाच्या हाती ६५,००० चं तिकीट येतं आणि मुख्य स्पर्धेच्या बक्षिसांत प्रत्यक्षात पोहोचतात फक्त ५०,००० रुपये. उरलेले ५९,८५० रुपये तीन पायऱ्यांवर फी आणि करात गेले.

जाहिरात खोटं बोलत नाही. एका माणसाला खरोखर ६५० रुपयांत ६५,००० चं तिकीट मिळालं. फक्त १६८ एंट्रींचं काय झालं, हे पोस्टरवर दिसत नाही.

आणि तिकीट म्हणजे पैसे नव्हेत. मुख्य स्पर्धेत पुन्हा शंभरातल्या दहा-पंधरा जणांनाच बक्षीस मिळणार. सगळे सारख्याच ताकदीचे खेळाडू धरले, तर फीडरमधल्या १,६९० एंट्रींतून दहा तिकिटं निघतील आणि त्या दहांपैकी एखाद-दुसराच बक्षिसापर्यंत पोहोचेल.

चांगल्या खेळाडूची शक्यता यापेक्षा जास्त असते, हे खरं. पण मग कुणाची तरी कमी असणारच. वर्षानुवर्षं सॅटेलाइट खेळणारे लोक समोर असतील, तर नवख्याच्या वाट्याला १६९ मध्ये एक इतकीही संधी येत नाही.

इथे पहिल्या नंबराला काहीच जास्त मिळत नाही

सॅटेलाइट खेळायची पद्धतही वेगळी असते आणि नवखे नेमके इथेच फसतात.

समजा, मेगा सॅटेलाइटमध्ये १३० एंट्री आल्या. प्राइज पूल साडेसहा लाख, म्हणजे दहा तिकिटं. या दहा तिकिटांत उजवं-डावं नसतं. ज्याच्याकडे चिप्सचा डोंगर आहे त्यालाही एक तिकीट आणि ज्याच्याकडे शेवटची मूठभर चिप्स उरली त्यालाही एकच. अकरावा खेळाडू बाहेर पडला की खेळ थांबतो.

या शेवटच्या क्षणाला 'बबल' म्हणतात. आता चित्र असं: अकरा जण उरलेत, तिकिटं दहा. तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत. दुसऱ्या एकाकडे इतक्या कमी आहेत की पुढच्या दोन-तीन डावांत तो संपणारच. अशा वेळी तुमच्या हातात दोन एक्के येतात, पोकरमधली सर्वांत भारी जोडी. आणि तुमच्याइतक्याच चिप्स असलेला समोरचा खेळाडू सगळ्या चिप्स पुढे सारतो.

नेहमीच्या स्पर्धेत डोळे झाकून खेळायचा हा डाव. सॅटेलाइटमध्ये जाणकार खेळाडू इथे एक्के टाकून देतो. कारण समोर दोन राजे असले तरी एक्के साधारण ८२ टक्के वेळा जिंकतात आणि १८ टक्के वेळा हरतात. जिंकून हातात काय येणार? तेच एक तिकीट, जे जवळपास खिशात आहेच. हरलात तर ते जाणार. मिळवायला काही नाही आणि गमवायला सगळं, म्हणून पत्ते टाकायचे.

थोडक्यात, सॅटेलाइट ही टिकून राहण्याची स्पर्धा आहे. मुख्य स्पर्धेत मात्र वरच्या क्रमांकांना प्रचंड जास्त बक्षीस असतं, तिथे जोखीम घ्यावीच लागते. म्हणून सॅटेलाइट जिंकणारा मुख्य स्पर्धेतही तितकाच तयार असेल असं नाही.

जाहिरातीतले शब्द आणि त्यांचे अर्थ

'गॅरंटीड सीट्स': किमान इतकी तिकिटं देणारच, असं आयोजकाचं वचन. वरच्या उदाहरणात दहा तिकिटांची हमी असेल आणि १०० च एंट्री आल्या, तर पाच लाख जमतील आणि लागतील साडेसहा. वरचे दीड लाख आयोजकाला घालावे लागतात. याला 'ओव्हरले' म्हणतात आणि खेळाडूच्या दृष्टीने हाच सर्वांत फायद्याचा सौदा. हमी नसेल, तर तिकिटांची संख्या एंट्री किती आल्या त्यावर ठरते.

'उरलेली रक्कम': १३७ एंट्री आल्या तर प्राइज पूल ६,८५,००० होतो. दहा तिकिटांचे साडेसहा लाख गेले की ३५,००० उरतात. ते सहसा अकराव्या खेळाडूला रोख मिळतात.

'री-एंट्री': बाहेर पडल्यावर पुन्हा फी भरून आत यायची मुभा. म्हणूनच '१३७ एंट्री' म्हणजे १३७ माणसं नव्हेत. एखाद्याने ६,५०० ची एंट्री तीनदा घेतली, तर त्याचे १९,५०० रुपये गेलेले असतात. जिंकल्यावर फोटोखाली मात्र '६,५०० मध्ये जिंकला' असंच लिहिलेलं दिसतं.

'टर्बो' आणि 'हायपर': यात ब्लाइंड फार वेगाने वाढतात. खेळ लवकर संपतो, पण विचार करून खेळायला वाव कमी आणि नशिबाचा वाटा जास्त. सॅटेलाइट बऱ्याचदा अशाच वेगाने खेळवल्या जातात, कारण त्या मुख्य स्पर्धेआधी उरकायच्या असतात.

'फ्रीरोल': एंट्री फुकट. खरोखर फुकट असेल तर गमावण्यासारखं फारसं नसतं. मात्र नोंदणीसाठी पैसे, 'परत मिळणारं डिपॉझिट' किंवा ओटीपी मागितला जात असेल, तर तो फ्रीरोल नव्हे.

'डे १ ए, १ बी, १ सी': मुख्य स्पर्धेचा पहिला दिवस अनेक गटांत विभागला जातो. प्रत्येक गटातून उरलेले खेळाडू दुसऱ्या दिवशी एकत्र येतात. म्हणजे तिकीट मिळाल्यावरही एक पात्रता फेरी बाकीच असते.

एका अकाउंटंटमुळे जगभर लाट आली

सॅटेलाइटची कल्पना अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये रुजली. तिथल्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या मुख्य स्पर्धेची एंट्री १०,००० डॉलर. इतके पैसे सगळ्यांकडे नसतात, म्हणून छोट्या स्पर्धांमधून तिकिटं द्यायला सुरुवात झाली. १९८३ मध्ये टॉम मॅकएव्हॉय हा सॅटेलाइटमधून येऊन ही स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू ठरला.

पण खरी लाट आली २००३ मध्ये. टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ८६ डॉलरची एक ऑनलाइन सॅटेलाइट खेळला, तिथून वरच्या पायरीच्या सॅटेलाइटमध्ये गेला आणि तिथून मुख्य स्पर्धेत. ८३९ खेळाडूंमध्ये तो पहिला आला आणि २५ लाख डॉलर जिंकला. विशेष म्हणजे 'मनीमेकर' हे त्याचं खरं आडनाव आहे.

सामान्य नोकरदार माणूस व्यावसायिकांना हरवतो, ही गोष्ट टीव्हीवर जगभर गेली. तीनच वर्षांत, २००६ मध्ये, त्याच स्पर्धेत ८,७७३ खेळाडू उतरले. आजही सॅटेलाइटची जवळपास प्रत्येक जाहिरात हीच गोष्ट वेगळ्या चेहऱ्याने सांगते. त्याच शिडीवरून खाली पडलेल्या हजारो अकाउंटंटची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी नसते.

भारतातली ऑनलाइन शिडी कशी तुटली?

२०२५ च्या ऑगस्टपर्यंत भारतातही ही शिडी मोबाईलवर होती. घरात बसून छोट्या रकमेच्या सॅटेलाइट खेळायच्या आणि गोव्यातल्या स्पर्धेचं तिकीट मिळवायचं, असा सर्रास प्रकार होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे भरून, काही जिंकण्याच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केले. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा प्रश्नच त्यात उरत नाही. पोकरबाजी, अड्डा५२ यांसारख्या कंपन्यांनी त्यानंतर पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका न्यायालयात गेल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं.

सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी यातल्या शिक्षेच्या तरतुदी नीट वाचायला हव्यात. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. पण चार पैसे मिळतात म्हणून एखाद्या ॲपची रील टाकणारा जाहिरातदारांच्या बाजूला जाऊन बसतो.

म्हणजे आज टेलिग्राम किंवा इन्स्टाग्रामवर 'ऑनलाइन क्वालिफायर खेळा, गोव्याचं तिकीट जिंका' अशी पैसे मागणारी लिंक आली, तर ती एक तर बेकायदा आहे किंवा सरळ फसवणूक. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करता येते.

उरली प्रत्यक्ष टेबलावरची सॅटेलाइट. आणि त्यासाठी हद्द ओलांडावी लागते.

देवबागकर चालतो, गोंयकार चालत नाही

गोव्यात १९७६ चा सार्वजनिक जुगार कायदा आहे. १९९२ मध्ये त्यात बदल होऊन पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ च्या बदलाने जहाजांवर टेबलाचे खेळ आले. मांडवीतले कॅसिनो उभे आहेत ते याच तरतुदींवर. 'डेल्टिन रोयाल'सारख्या जहाजावर खास पोकर रूम आहे आणि तिथे स्पर्धांच्या मालिका होतात. मुख्य स्पर्धेच्या आधीचे दिवस सॅटेलाइटसाठी राखलेले असतात. २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोत प्रवेश नाही.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. कॅसिनो फक्त पर्यटकांसाठी, असं सरकारचं धोरण. त्यामुळे हद्दीपलीकडच्या पेडण्याचा तरुण आत जाऊन खेळू शकत नाही, पण हद्दीअलीकडच्या बांद्याचा किंवा देवबागचा तरुण जाऊ शकतो. कारण कागदोपत्री तो पर्यटक. गोव्याने आपल्या माणसांना ज्या नुकसानीपासून दूर ठेवलं, त्यापासून शेजारच्या सिंधुदुर्गाला कुणी दूर ठेवलेलं नाही.

देवबाग-तारकर्लीचं अर्थकारण पाहिलं तर ही गोष्ट आणखी गंभीर वाटते. होम स्टे, बोटी, स्कूबा, खानावळी या सगळ्यांचा पैसा हंगामात येतो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी बंद, पर्यटक कमी. हंगामात हाती आलेली रोकड पुढच्या चार महिन्यांचं घर चालवते आणि बोटीच्या दुरुस्तीलाही तीच लागते. अशा हिशेबात '६,५०० चीच तर एंट्री' आणि तिच्या दोन री-एंट्री कुठे बसतात, हे घरचा हिशेब ठेवणाऱ्याला विचारावं.

मग गावातच क्वालिफायर घेतली तर?

'दहा जणांनी पैसे काढू, जिंकेल त्याला गोव्याला पाठवू' ही कल्पना ऐकायला निरुपद्रवी वाटते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पबमध्ये अशा स्थानिक लीग चालतात. गावपातळीवरचे विजेते विभागीय फेरीत आणि तिथून अंतिम फेरीत जातात.

महाराष्ट्रात मात्र परिस्थिती वेगळी आहे. इथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्यातून सूट आहे. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोसाठीही एक कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला.

पोकर कौशल्याचा खेळ आहे का, यावर देशात एकमत नाही. पश्चिम बंगालच्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळलं आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला. रमीला १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं, पण त्याच निकालात एक इशाराही दिला: जागेचा मालक किंवा क्लब पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो.

म्हणून एखाद्या होम स्टेमध्ये किंवा हॉलमध्ये एंट्री फी घेऊन, त्यातला हिस्सा आयोजकाने ठेवून 'लोकल क्वालिफायर' भरवणं हे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचं काम आहे. पोलीस आले तर 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे टेबलावर सिद्ध होत नाही, कोर्टात करावं लागतं. आणि फक्त जागा दिली म्हणून होम स्टेचा मालकही त्यात ओढला जाऊ शकतो. पैसे न लावता, गंमत म्हणून खेळणं ही वेगळी गोष्ट.

जिंकलात तर हातात किती येतं?

पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर प्राप्तिकर सरळ ३० टक्के, वर सेस. उत्पन्न कितीही कमी असलं तरी दर तोच. बक्षीस १०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयोजक आधीच टीडीएस कापतो. बक्षीस वस्तूच्या रूपात असलं, तरी ते हाती देण्याआधी कर भरला गेला पाहिजे, असं कायदा सांगतो. म्हणून सॅटेलाइटच्या तिकिटावर कर कधी आणि कसा धरणार, हे आयोजकाला आधीच विचारून घ्यावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हरलेले पैसे यातून वजा होत नाहीत. वर्षभरात दोन लाख हरलात आणि एकदा एक लाख जिंकलात, तर प्रत्यक्षात एक लाख तोट्यात असूनही त्या एक लाखावर कर भरावा लागतो. प्रवास, राहणं, एंट्री फी यांचा खर्चही वजा करता येत नाही.

मित्रांनी वर्गणी काढून एकाला पाठवलं असेल तर आणखी एक पेच. टीडीएस कापला जातो तो खेळणाऱ्याच्या नावावर, वाटणी मात्र सगळ्यांत. कोणाचा हिस्सा किती आणि कर कापण्याआधी की नंतर, हे आधी लिहून ठेवलं नाही तर बक्षिसापेक्षा भांडण मोठं होतं.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

एंट्रीतले किती रुपये प्राइज पूलमध्ये जातात? हा आकडा स्पष्ट सांगता येत नसेल, तर तिथेच थांबा.

तिकिटांची हमी आहे का? किती?

तिकीट दुसऱ्याला देता येतं का? त्याचे पैसे मिळतात का? ठरलेल्या तारखेला येता आलं नाही तर काय? बहुतेक तिकिटं ठरावीक स्पर्धेपुरतीच असतात.

एकच माणूस दोन तिकिटं जिंकला तर दुसऱ्याचं काय होतं?

तिकिटात प्रवास आणि राहणं धरलंय का, की फक्त टेबलावरची खुर्ची?

री-एंट्री किती वेळा? आणि स्वतःला विचारायचा प्रश्न: आपण किती वेळा घेणार? हा आकडा टेबलावर बसण्याआधी ठरवायचा असतो. हरल्यावर ठरवलेला आकडा नेहमी मोठा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिलं आहे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणं, घरच्यांपासून रक्कम लपवणं, उसनवारी करून फी भरणं ही त्याची लक्षणं. स्वतःत किंवा घरात कुणात ती दिसली, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मराठीतही.

सॅटेलाइट ही काही फसवणूक नाही. नियम उघड असतात आणि चांगला खेळाडू त्यातून खरोखर वर जातो. फक्त ती स्वस्त नसते. एका ६५,००० च्या तिकिटासाठी तळाशी १६९ एंट्री लागतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे पैसे गळत जातात. पुढच्या वेळी '६५० रुपयांत ६५ हजारांचं तिकीट' असं पोस्टर दिसलं, तर त्या १६९ मध्ये आपण कितवे, हा हिशेब आधी करा.